माफीनंतरची फुआतिनो

फुआतिनोला राग येत नाही, हे गावात इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की तिनं स्वतः ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. नवरा बेट सोडून ऑकलंडला कामाला म्हणून गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हा बायका सांत्वनाला आल्या. तिनं त्यांना कोको पाजला आणि अर्धवट विणलेली चटई पुढे ओढली. वादळात घराचं छप्पर उडालं, तेव्हाही ती आल्यागेल्याला आधी बसायला जागा करून देत होती. रविवारी चर्चमधल्या प्रवचनात पाळकांना सोशिकपणाचा दाखला हवा असला की ते शास्त्र न उघडता तिसऱ्या बाकाकडे बघत. तिसऱ्या बाकावर फुआतिनो बसे. दाखला म्हणून बसायचं तर पाठ ताठ ठेवावी लागते. तिला ती सवय झाली होती.

तिला एकच मुलगा, केलेमेते. सगळे त्याला मेते म्हणत. मेते गेला तो लाव्ह्याच्या काळ्या खडकांतून जाणाऱ्या रस्त्यावर. शेजारच्या गावचा फेलेती पिकअप चालवत होता, मेते मागच्या उघड्या हौद्यात बसला होता. फेलेती प्यायलेला होता. वळणाशी गाडी उलटली. मेते जागच्या जागी गेला, फेलेतीच्या कोपराला खरचटलं.

आमच्याकडे माणसाला घरासमोरच पुरतात. गेलेलं माणूस लांब कुठे जात नाही, आतून अंगणात येतं इतकंच. मेतेही अंगणात आला. त्याच्यावर पांढरी पोवळ्याची खडी पसरली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फेलेतीचं अख्खं घराणं त्या खडीच्या पलीकडे येऊन बसलं.

रीतच आहे ती. ज्याच्या हातून गुन्हा घडला त्याच्या घरचे लोक उजाडायच्या आत येतात, माना खाली घालून जमिनीवर बसतात, आणि गुन्हेगाराच्या डोक्यावर घराण्यातली सर्वांत उंची चटई पांघरतात. पुढचं सगळं समोरच्या घराच्या हातात. चटई उचलली तर माफी. कोयता उचलला तर कुणी आडवं यायचं नाही. पूर्वी हे लोक सोबत सरपण आणि भट्टीचे दगडही आणत: वाटलं तर आम्हाला भाजून खा, असं सांगायला. हल्ली डबाबंद मासळीची खोकी आणतात. भावना तीच, सोय जास्त.

चटईखाली बसलेल्यांना शहाणी घरं दुपारपर्यंत बसवून ठेवतात. ऊन चढतं, कुणाला भोवळ येते, घरातल्या बायका पडद्याआडून बघतात, रडतात, शिव्या घालतात, आणि हळूहळू हात थंड होतात. उशीर हाच त्या रीतीचा अर्धा भाग आहे. पण फुआतिनोचा थोरला भाऊ सेमिसी हा घराण्याचा प्रमुख होता आणि मनानं मोठा होता. मन मोठं आहे हे लोकांना दिसावं अशी संधी आयुष्यात फार वेळा येत नाही. सूर्य समुद्रातून पुरता वर यायच्या आत त्यानं चटई उचलली आणि भाषण सुरू केलं. भाषण फारच चांगलं झालं. पलीकडच्या गावातले लोक ढसाढसा रडले.

फुआतिनो तेव्हा आत लुंगी गुंडाळत होती. बाहेर आली तेव्हा माफी देऊन झाली होती. एका अनोळखी बाईनं तिला मिठी मारली. मग इतक्या लोकांना खायला घालायचं म्हणून ती भट्टीकडे वळली.

बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातलं बुबुळ, असं आमच्याकडे म्हणतात. सेमिसी ते मानायचाही. फक्त बुबुळाला कुणी विचारत नाही, काय दिसतंय ते.

कोर्टानं माफीची दखल घेऊन फेलेतीला तुरुंगातून वाचवलं. तो सुटला आणि आठवड्याभरात फुआतिनोच्या दारात आला. हातात कुदळ.

"मावशी, तारोच्या मळ्यात गवत माजलंय. काढून टाकू?"

काय म्हणणार? माफी दिलेली होती. तिनं मळ्याकडे बोट केलं.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. विधवेसारख्या एकट्या बाईला दचकायला होऊ नये म्हणून रस्त्याच्या वळणापासूनच शिट्टी वाजवत यायचा. तारोचे कंद लावायचा, नारळ उतरवायचा, डुकरांना खायला घालायचा. शनिवारी मेतेवरची खडी बाजूला करून धुवायचा आणि पुन्हा एकसारखी पसरायचा. घराला भिंती नाहीत, नुसते खांब; त्यामुळे जेवताना कोण कोणत्या खांबाला टेकून बसतं हे सगळ्या रस्त्याला दिसतं. पहिले काही दिवस तो पायरीवर बसून जेवला. मग एकदा पाऊस आला म्हणून आत आला, आणि समुद्राकडच्या खांबाला टेकला. तो मेतेचा खांब होता. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. फुआतिनोनं त्याला वाढलं.

गावाचे डोळे भरून आले. "बघा," लोक म्हणत, "देवानं एक नेला, एक दिला." पाळकांनी तिसऱ्या बाकाकडे बघून यावर दोन रविवार काढले.

फुआतिनो रोज कोयता परजू लागली ते त्याच सुमाराला.

कोयता परजण्यात काही गैर नाही, घरोघर परजतात. पण फेलेतीच मळ्यात राबायला लागल्यापासून तिला कोयत्याचं काम उरलं नव्हतं. तरी दुपारी तो जेवून आडवा झाला की ती दगड पुढ्यात घ्यायची, त्यावर पाणी शिंपडायची, आणि सावकाश, एका लयीत, जणू चटईच विणतेय अशी घासत बसायची. धार लागली की अंगठ्यानं बघायची. मग पुन्हा घासायची. पातं रुंदीला कमी होत चाललं होतं. फेलेती त्या आवाजावर झोपायचा. घरासारखं वाटतं, म्हणायचा.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पाळकीणबाईंच्या.

पाळकीणबाई सिएनी स्वभावानं चांगल्या, अंगानं भरपूर, आणि नुकत्याच राजधानी आपियाहून शिबिर करून आलेल्या. माणसांनी एकमेकांशी प्रेमानं कसं बोलावं याचं ते शिबिर होतं. न्यूझीलंडहून आलेल्या एका सडपातळ बाईनं शिकवलं होतं, की आधी जे दिसतं तेवढंच सांगायचं, दोष द्यायचा नाही. मग त्यामागची भावना ओळखायची. मग भावनेच्या मुळाशी असलेली गरज. आणि शेवटी विनंती करायची. पाळकीणबाई परत आल्या त्या दिवसापासून गावाला निवांतपणा नव्हता. दुकानदार हुज्जत घालू लागला की त्या विचारत, "तुम्हाला आदराची गरज आहे का?" तो म्हणे, "मला सुट्ट्या पैशांची गरज आहे." डुक्कर बागेत घुसलं म्हणून दोन जावा झिंज्या धरून भांडत होत्या; बाईंनी मध्ये पडून दोघींना भावना विचारल्या. दोघींची भावना एकच निघाली: बाईंनी घरी जावं.

फुआतिनोकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सरळच म्हणाल्या, "ताई, मला मनापासून सांगा. या घडीला तुम्हाला कशाची गरज आहे?"

फुआतिनोनं भांड्यात डोकावून पाहिलं. "मीठ," ती म्हणाली.

बाईंनी मीठ पाठवून दिलं. पण निघताना त्यांनी कोयता पाहिला होता, पातं पाहिलं होतं. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं. पाळक म्हणाले, "फुआतिनो? अगं, ती तर आपला दाखला आहे." आणि कुशीवर वळले.

गुरुवारी दुपारी पाळकीणबाई पुन्हा गेल्या. निमित्ताला नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या पानांची ताटली होती. पायरीशी चप्पल काढता काढता त्या थांबल्या.

फेलेती मेतेच्या खांबाशी उताणा झोपला होता. मानेखाली लाकडी उशी, हनुवटी वर, गळा उघडा. फुआतिनो त्याच्या उशाशी बसली होती. आज दगड बाजूला होता. कोयता मांडीवर होता.

"या," फुआतिनो हलक्या आवाजात म्हणाली. "जेवलात?"

पाहुण्यानं या प्रश्नाला उत्तर द्यायचंच असतं. "जेवले," पाळकीणबाई म्हणाल्या.

"बसा ना मग."

फुआतिनोनं एका हातानं चटई सरकवली. दुसरा हात कोयत्याच्या मुठीवर होता, तो तिथेच राहिला. पाळकीणबाई बसल्या. दोघींच्या मध्ये फेलेती घोरत होता.

जे दिसतं ते सांगायचं. दोष द्यायचा नाही.

"ताई, मला दिसतंय की तुमच्या मांडीवर कोयता आहे."

"तुम्हाला बरोबर दिसतंय."

"तुम्हाला राग आलाय."

फुआतिनोनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. "नाही," ती म्हणाली.

"दुःख?"

"ते आहे. पण ते आता घरातलंच झालंय. ते कोयता मागत नाही."

"मग सूड."

"ही भावना आहे का? तुमच्या त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

"ती भावना नाही म्हणाल्या. तिच्या खाली दुसरं काहीतरी असतं म्हणाल्या."

"खाली काय असतं?"

पाळकीणबाईंना आठवेना. शिबिरात या ठिकाणी चहाची सुट्टी झाली होती. फेलेतीनं झोपेत तोंड हलवलं, मान थोडी आणखी वळवली, आणि त्याच्या गळ्यावरची एक शीर उन्हात स्पष्ट दिसू लागली. फुआतिनोची नजर त्या शिरेवर गेली. मुठीवरची बोटं घट्ट झाली.

"ताई, मला भीती वाटतेय," पाळकीणबाई एकदम म्हणाल्या. हे काही पायऱ्यांतलं नव्हतं. "मला उठून पळून जावंसं वाटतंय, आणि मी पळाले तर तुम्ही एकट्या राहाल म्हणून पळवत नाहीये."

फुआतिनोनं मान वर केली. तिनं बाईंकडे पाहिलं, नीट, कितीतरी दिवसांनी कुणाकडे पाहावं तसं.

"मलापण," ती म्हणाली.

"काय?"

"भीती. मलापण भीतीच वाटतेय."

"कुणाची? याची?"

"नाही."

"स्वतःच्या हाताची?"

"ती आहे, पण ती नंतरची." फुआतिनो थांबली. शब्द विणकामातल्या धाग्यासारखे एकेक ओढून घ्यावे लागत होते. "आज हा उशिरा आला. मी दोनदा उठून रस्त्यावर जाऊन बघितलं. भाजलेल्या नीरफणसाची चांगली फोड बाजूला काढून ठेवली. आणि मग त्याची शिट्टी आली, आणि मला..."

पाळकीणबाईंनी काही सुचवलं नाही. शिबिरानं त्यांना जे शिकवलं होतं त्यातलं बहुधा हेच एक त्यांना अजून करून बघायचं होतं.

"मला बरं वाटलं हो," फुआतिनो म्हणाली. "आला एकदाचा, असं वाटलं. मेतेची वाट बघायचे तेव्हा वाटायचं तसं. अगदी तसंच, तीळभर कमी नाही. मग मी मेतेचा आवाज आठवून बघितला, तर आधी याचाच आला. मेतेचा शोधायला लागला मला." तिचा आवाज तसाच हलका होता. "हा माझ्या पोराच्या जागेवर बसून जेवतो, आणि मी त्याला वाढते, आणि मला गोड लागतं ते. कसली आई मी? याला मारलं तर मी मेतेची आई राहीन. नाही मारलं तर याची होत जाईन. रोज थोडी थोडी. म्हणून धार लावते. धार लावली की तेवढा दिवस निघतो."

बाहेर डुकरं नारळाची कवटी ढकलत होती. पाळकीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात उचलायची हिंमत नव्हती.

"मग ताई," त्या कुजबुजल्या, "तुम्हाला याचा जीव नकोय."

"नको." फुआतिनोला स्वतःलाच नवल वाटलं. तिनं कोयत्याकडे पाहिलं, कुणी दुसऱ्यानं मांडीवर आणून ठेवल्यासारखं. "जीव घेऊन काय करू? मला तो खांब रिकामा हवाय. तिथे कुणी बसू नये. मेते तिथे नाहीये, हे मला रोज दिसायला हवं. कुणी दिसूच दिलं नाही मला. दादानं चटई उचलली, लगेच लोक जेवायला बसले, आणि हा येऊन खांबाला टेकला. सगळं भरून टाकलं सगळ्यांनी."

"हे याला सांगा."

"सांगू?" फुआतिनो म्हणाली. जन्मात तिनं कुणाला नको म्हटलं नव्हतं. ते कोणत्या तोंडानं म्हणतात हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं कोयता उचलला. फुआतिनोनं तो छपराच्या वाशात खोचला आणि फेलेतीच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ बाळा. उद्यापासून येऊ नकोस."

तो उठून बसला. झोप, गोंधळ आणि मग भीती, अशा तीन गोष्टी एकामागून एक त्याच्या चेहऱ्यावर आल्या. "माझं काही चुकलं का मावशी?"

"चुकलं ते पूर्वीच. आताचं काही नाही. तू चांगलं काम करतोस. चांगला आहेस म्हणूनच येऊ नकोस. मला माझं पोर आठवायचंय, आणि तू मध्ये येतोस."

फेलेतीनं लाकडी उशी उचलून खांबापासून लांब ठेवली. "पण मी आलो नाही तर लोक म्हणतील माफी मोडली," तो म्हणाला. "तुमचे भाचे..." आणि त्यानं रस्त्याकडे पाहिलं.

हे पाळकीणबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. फुआतिनोच्याही. रस्त्यापलीकडच्या दगडी कठड्यावर सेमिसीचे तिघे मुलगे बसले होते. ते मेतेबरोबर वाढलेले. वडिलांनी चटई उचलली म्हणून त्यांना हात बांधून बसावं लागलं होतं, आणि ते बसले होते. एरवी त्या कठड्यावर गिटार असायची, थट्टा असायची. आज तिघं गप्प होते. तरुण पोरं अशी गप्प बसली की म्हाताऱ्या वाळत घातलेले कपडे आत घेतात.

फुआतिनो उठली. "चल," ती फेलेतीला म्हणाली, "आधी दादाकडे."

सेमिसी घरात पंख्यानं वारा घेत बसला होता. बहीण, पाळकीणबाई आणि फेलेती असे तिघे एका रांगेत येताना बघून तो सावरून बसला. फुआतिनोनं सांगितलं, उद्यापासून हा माझ्याकडे येणार नाही. सेमिसीचा चेहरा उतरला.

"म्हणजे माफी मागे घेतलीस?"

"मी दिली कधी होती, दादा? तू दिलीस."

"तुझ्याचसाठी दिली! तुला त्रास नको म्हणून. अंगणात मढ्यासारखी माणसं बसलेली तू बघत राहायचीस का?"

"हो," फुआतिनो म्हणाली. "बघत राहायचं होतं मला. दुपारपर्यंत. तू मला विचारलं नाहीस."

आवाज चढला नव्हता. पण त्या घरात तिच्या तोंडून तक्रार अशी कधी कुणी ऐकली नव्हती. सेमिसीची बायको भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. दाराबाहेर कठड्यावरची पोरं येऊन थांबली होती. त्यांना वाक्यातलं 'माफी' आणि 'मागे' एवढंच पुरेसं होतं. थोरल्याच्या हातात कोयता होता. मळ्यात निघालो होतो म्हणून, तो म्हणाला असता.

सेमिसीनं दाराकडे पाहिलं, मग बहिणीकडे. भाषण तयार नव्हतं. "मग तुला काय हवंय, फुआ?" त्यानं शेवटी विचारलं. हा प्रश्न त्यानं कुणाला विचारल्याचं गावाला आठवत नव्हतं.

"माझं घर रिकामं हवंय. किती दिवस ते आज सांगता येणार नाही. आणि याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. याला काही झालं तर मला मेतेसाठी रडायला वेळच मिळणार नाही, याच्या आईसाठीच रडावं लागेल."

सेमिसीनं पोरांना हाक मारून सांगितलं: चटई उचलली ती उचललीच, आत्यानं सांगितलं तसंच होईल. पोरांनी मान डोलावली. फार चटकन डोलावली.

"याला शिवेपर्यंत पोचवून या," सेमिसी म्हणाला.

फुआतिनोनं भाच्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "मी पोचवते," ती म्हणाली.

काळ्या खडकांतून रस्ता जातो. फेलेती पुढे, फुआतिनो त्याच्या मागे हाताच्या अंतरावर, आणि पन्नास पावलांवर भाचे. जिथे गाडी उलटली त्या वळणाशी फेलेतीची चाल मंदावली.

"मावशी, त्या रात्री तो काय म्हणाला ते सांगू का?"

तिला ऐकायचं होतं. आज ऐकलं तर तिला घरी परत जाता येणार नाही, हेही तिला कळत होतं. आणि कळतंय हे तिला नवीन होतं.

"आज नको. ऐकवेल तेव्हा मी बोलावीन."

"आणि नाहीच बोलावलंत तर?"

"तर तू सांभाळ ते."

शिवेवरच्या ओढ्याशी ती थांबली. फेलेतीनं खाली वाकून नमस्कार केला आणि पलीकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पाठ त्याच्याकडे, तोंड भाच्यांकडे.

"आत्या," थोरला हसत म्हणाला, "तू जा पुढे. आम्ही जरा ओढ्यावर हातपाय धुऊन येतो."

"नको. तुम्ही तिघं माझ्या पुढे चाला."

"अगं पण..."

"मला भीती वाटते," फुआतिनो म्हणाली. "तुमची. म्हणून पुढे चाला."

असं तोंडावर कुणी सांगेल याची त्यांना सवय नव्हती. हसू विरलं. तिघं वळले आणि चालू लागले. ऊन उतरत होतं, खडकांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या येत होत्या. फुआतिनो त्यांच्या मागून चालत राहिली, आणि प्रत्येक वळणावर पाहत राहिली, की पुढच्या तिघांतला एखादा कमी तर झाला नाही ना.